सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा

आज सायकल ही आपल्या नित्याच्या परिचयाची वस्तू झाली आहे. शाळेला जाणारी मुले, घरोघर दूध घालणारा गवळी, पत्रे वाटणारा टपालवाला, या सर्वांचे ते साधे व स्वस्त वाहन होय. शेजारच्या गावी सायकलीवरून जाऊन आलो, असे कोणी सांगितले तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु एक काळ असा होता की, सायकल रस्त्यावर दिसताच घोडे बुजत, कुत्री अंगावर धावून येत आणि माणसे हातचे काम टाकून दाराशी येऊन उभी राहत. त्या काळात, केवळ तीस वर्षांच्या एका माणसाने सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा निश्चय केला आणि तो तडीस नेला. त्याचे नाव थॉमस स्टीव्हन्स.

थॉमसचा जन्म २४ डिसेंबर १८५४ रोजी इंग्लंडमधील बर्कहॅमस्टेड या लहानशा गावी झाला. घरची स्थिती साधारणच होती. किशोरवयातच, १८७१ च्या सुमारास, तो उद्योगाच्या शोधात समुद्र ओलांडून अमेरिकेस गेला. तेथे त्याने वायोमिंग प्रांतात रेल्वेच्या कारखान्यात काम केले. पुढे कोलोरॅडोतील खाणीत तो राबला. त्याच्यापाशी ना धन होते, ना मोठ्या विद्येचे पाठबळ. तथापि कष्टाने कणखर झालेले शरीर, दूरदूरचे प्रदेश पाहण्याची अनावर हौस आणि संकटातही न बिघडणारा आनंदी स्वभाव, एवढी पुंजी मात्र त्याच्याजवळ भरपूर होती.

पश्चिमेकडील त्या रानमाळांवर हिंडत असतानाच अमेरिका खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलीने ओलांडावे, ही कल्पना त्याच्या मनात रुजली. मौजेची गोष्ट अशी की, तोपर्यंत त्याला सायकल चालवताही येत नव्हती! १८८४ साली तो सॅन फ्रान्सिस्को शहरी आला. तेथे त्याने एक सायकल मिळवली आणि थोड्याच दिवसांच्या सरावानंतर तो प्रवासाच्या तयारीस लागला.

त्याची सायकल आजच्या सायकलीसारखी नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. तिचे पुढचे चाक पन्नास इंच व्यासाचे, म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर उंचीचे होते, आणि मागचे चाक अगदीच लहान होते. इंग्लंडातील पेनी हे मोठे नाणे व फार्दिंग हे लहान नाणे शेजारी शेजारी ठेवले असता जसे दिसते, तशी ही दोन चाके दिसत. म्हणून या जातीच्या सायकलीस लोक विनोदाने 'पेनी-फार्दिंग' म्हणू लागले. तिला साखळी नव्हती. पायडल पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असत. पायाचा एक फेरा पुरा झाला की चाकाचाही एक फेरा पुरा होई. स्वाराची बैठक त्या उंच चाकाच्या वरच्या बाजूस असे. वाटेत एखादा दगड लागला किंवा चाक वाळूत रुतले की स्वार पुढच्या चाकावरून थेट डोक्यावर आदळे. रबरी धाव भरीव असल्यामुळे खडबडीत रस्त्याचा प्रत्येक हिसका अंगाला जाणवे. जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले ते १८८८ साली, म्हणजे स्टीव्हन्सचा प्रवास संपल्यानंतर.

२२ एप्रिल १८८४ रोजी सकाळी स्टीव्हन्सने सॅन फ्रान्सिस्को सोडले. त्याचे सामान किती होते म्हणाल तर हँडलला बांधलेले एक लहानसे गाठोडे! मोज्यांची जोडी, एक जादा सदरा, रात्री तंबूचे व अंथरुणाचेही काम देईल असा एक रेनकोट आणि एक पिस्तूल, एवढाच त्याचा संसार. पॅसिफिक महासागराचा किनारा मागे टाकून तो पूर्वेकडे निघाला.

थोड्याच दिवसांत सिएरा नेवाडा पर्वताने त्याची वाट अडवली. एप्रिल महिना असूनही डोंगरावर बर्फाचे थर साचले होते. रस्ता मुळी दिसतच नव्हता. तेथून जाण्यास एकच मार्ग होता, तो म्हणजे आगगाडीचा. बर्फ रुळांवर पडू नये म्हणून रेल्वे कंपनीने मैलोगणती लांबीचे लाकडी मांडव उभारले होते. त्या अंधाऱ्या मांडवांतून स्टीव्हन्स सायकल ढकलीत पायी चालू लागला. मधूनच समोरून किंवा मागून आगगाडीची धडधड ऐकू येई. मग सायकलीसह भिंतीला चिकटून, धुराने कोंडलेल्या जागेत श्वास रोखून, गाडी निघून जाईपर्यंत त्याला उभे राहावे लागे.

पर्वत ओलांडल्यावर नेवाडाचे वाळवंट लागले आणि त्यापुढे वायोमिंगचा उंच, उघडा, वाऱ्याने झोडपलेला माळ. त्या माळावर झाड नाही, छाया नाही. मैलच्या मैल गेले तरी घर दृष्टीस पडत नाही. कधी बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, कधी रेल्वेच्या कडेची पायवाट, तर पूर्वेकडे आल्यावर कालव्याच्या काठची नावा ओढणाऱ्या घोड्यांची वाट, अशा मिळतील त्या वाटांनी तो पुढे सरकत राहिला. ४ ऑगस्ट १८८४ रोजी तो अटलांटिक महासागराच्या काठी बोस्टन शहरात पोहोचला. सुमारे ३,७०० मैलांचे हे अंतर कापण्यास त्याला साडेतीनशेवर एक दिवसही नव्हे, तर अवघे साडेतीन महिने लागले. अमेरिका खंड सायकलीने ओलांडणारा तो पहिला मनुष्य ठरला. परंतु या ३,७०० मैलांपैकी सुमारे एक तृतीयांश वाट त्याने पायी तुडवली होती, आणि ही गोष्ट त्याने कधी लपवून ठेवली नाही. जेथे रस्ता आहे तेथे सायकलीवर बसावे, जेथे नाही तेथे तिला ढकलावे आणि जेथे तेही जमत नाही तेथे ती खांद्यावर घ्यावी. परंतु पाऊल मागे घेऊ नये, हा त्याचा नियम होता.

तो हिवाळा त्याने न्यूयॉर्क येथे काढला. 'आउटिंग' नावाच्या मासिकात त्याने आपल्या प्रवासाची हकीकत लिहिली. तिच्यामुळे त्याचे नाव सर्वत्र झाले. त्या मासिकाने त्याला आपला खास बातमीदार नेमले आणि उरलेली पृथ्वी पालथी घालण्यास प्रोत्साहन दिले. एप्रिल १८८५ मध्ये तो आगबोटीने इंग्लंडला गेला आणि मे महिन्यात लिव्हरपूल या बंदरातून त्याने पुन्हा सायकलीवर पाय ठेवला. त्याला निरोप देण्यासाठी शेकडो लोक जमले होते आणि तेथील हौशी सायकलस्वार काही अंतरापर्यंत त्याच्या सोबत गेले. वाटेत त्याचे जन्मगाव बर्कहॅमस्टेड लागले. पोट भरण्यासाठी परदेशी गेलेला मुलगा आता जगप्रवासी होऊन त्याच रस्त्याने जात होता.

इंग्लंड व फ्रान्स येथील रस्ते पाहून त्याला आनंद झाला. अमेरिकेच्या माळांवरील चाकोऱ्यांच्या मानाने ते गालिच्यासारखे वाटत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून तो बोटीने फ्रान्सच्या किनाऱ्यास लागला आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी या देशांतून दौडत गेला. हंगेरीत त्याला एक सायकलस्वार सोबती मिळाला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी खाणाखुणांवर त्यांची मैत्री जमली आणि काही दिवस ते जोडीने चालले. पुढे सर्बिया व बल्गेरिया यांच्या डोंगराळ मुलखात रस्ते पुन्हा बिघडले. अखेर तो तुर्कस्तानची तेव्हाची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, येथे पोहोचला. येथे युरोप खंड संपत होता आणि समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे आशिया खंड उभा होता. पुढच्या वाटेवर लुटारूंचा उपद्रव आहे असे कळल्यामुळे तो काही दिवस थांबला. सायकलीचे जादा आरे व रबरी धावा त्याने बरोबर घेतल्या आणि मग तो आशियात शिरला.

आशिया मायनरचे पठार रुक्ष व विस्तीर्ण आहे. अंकारा, सिवास, एर्झुरूम अशी मोठी गावे एकमेकांपासून फार दूर अंतरावर आहेत. मधल्या खेड्यांतील लोकांनी सायकल हा शब्दही ऐकला नव्हता. उंच चाकावर बसून वाऱ्यासारखा येणारा मनुष्य पाहून कोणी भयाने पळत, तर कोणी कुतूहलाने त्याच्याभोवती कोंडाळे करीत. गावात शिरताच सायकल चालवून दाखवण्याचा आग्रह होई. दिवसभराच्या श्रमाने अंग मोडून आले असले तरी त्याला पुन्हा बैठकीवर चढावे लागे. परंतु त्याच खेडुतांनी त्याला आपल्या घरात निवारा दिला, आपल्या ताटातील भाकरी व दही त्याच्यापुढे ठेवले. पिस्तूल त्याच्या कमरेला होते हे खरे. परंतु परक्या मुलखात त्याला तारले ते मुख्यतः या अनोळखी माणसांच्या आतिथ्याने.

तुर्कस्तानची सीमा ओलांडून तो इराणात आला आणि तब्रीझमार्गे तेहरान येथे पोहोचला. इतक्यात हिवाळा आला. म्हणून त्याने तेथेच मुक्काम केला. इराणचा बादशहा नासिरुद्दीन शाह याच्या कानी ही बातमी गेली. त्याला ते अद्भुत वाहन पाहण्याची इच्छा झाली. बादशहाची स्वारी शहराबाहेरच्या महालाकडे निघाली असता स्टीव्हन्सने तिच्याबरोबर सायकल चालवून दाखवली. खाणीत राबलेला एक सामान्य मजूर बादशहाच्या लव्याजम्यासोबत दौडत होता, आणि त्याला हा मान कोणत्याही वशिल्याने नव्हे, तर स्वतःच्या पायांच्या बळावर मिळाला होता.

१० मार्च १८८६ रोजी तो तेहरानहून निघाला. येथून पुढे मात्र त्याच्या प्रवासातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. सैबेरियातून जावे असा त्याचा विचार होता. परंतु रशियाच्या सरकारने त्याला परवानगी नाकारली. दुसरा मार्ग अफगाणिस्तानातून हिंदुस्थानकडे जात होता. त्या सुमारास रशिया व इंग्लंड या दोन साम्राज्यांत अफगाणिस्तानच्या सीमेवरून तेढ माजली होती. १८८५ साली तर दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले होते. अशा वेळी एकटा परकीय मनुष्य कोणालाही संशयास्पद वाटावा, यात नवल नव्हते. तरीही स्टीव्हन्स त्या देशात शिरला. फराह या गावी अधिकाऱ्यांनी त्याला अडवले आणि पहाऱ्यात हेरात शहराकडे नेले. त्याला त्यांनी इजा केली नाही. खाण्यापिण्याची व्यवस्थाही ठेवली. परंतु पुढे जाण्याची परवानगी काही केल्या मिळेना. शेवटी त्याला इराणच्या हद्दीत परत पाठवण्यात आले.

हिंदुस्थान तेथून फार दूर उरला नव्हता. हजारो मैलांचे श्रम करून आलेल्या माणसाला ऐन वेळी मागे फिरावे लागणे, यासारखे दुःख नाही. एखादा मनुष्य येथेच खचून गेला असता आणि पुढचा बेत सोडून घरी परतला असता. दुसरा एखादा अविचाराने पुन्हा त्याच वाटेने शिरून प्राणास मुकला असता. स्टीव्हन्सने या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. सरळ वाट बंद झाली तर वळसा घ्यावा, असे त्याने ठरवले. तो वळसाही केवढा! कास्पियन समुद्राच्या काठी येऊन तो आगबोटीने बाकू बंदरास गेला. तेथून आगगाडीने काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील बातूमला आणि तेथून बोटीने पुन्हा कॉन्स्टँटिनोपलला आला. जे शहर त्याने आदल्या वर्षी मागे टाकले होते, तेच पुन्हा त्याच्यापुढे उभे राहिले! तेथून तांबड्या समुद्रातून प्रवास करीत तो कराची बंदरात उतरला.

हिंदुस्थानात त्याने लाहोरहून सायकल हाकली. शेरशाह सुराच्या काळापासून प्रसिद्ध असलेला ग्रँड ट्रंक रस्ता त्याला येथे लाभला. चुनखडीचे खडे पसरून व धुमसून केलेला तो सपाट रस्ता, त्याच्या दुतर्फा असलेली सावलीची झाडे आणि त्यांवरील पाखरे व माकडे पाहून तो हरखून गेला. इतका लांब व इतका चांगला रस्ता त्याला आशियात दुसरा आढळला नव्हता. उन्हाचा ताप मात्र त्याला असह्य होई. दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद, बनारस अशी शहरे पाहत तो कलकत्त्यास पोहोचला आणि तेथून बोटीने सिंगापूरमार्गे हाँगकाँगला गेला.

चीनमध्ये त्याला रस्ता असा मिळालाच नाही. दक्षिण चीनमध्ये भातखाचरांच्या बांधांवरून जाणाऱ्या अरुंद पायवाटा हेच तेथील मार्ग होते. तेथे सायकलीवर बसण्यापेक्षा तिला सांभाळण्यातच त्याचे श्रम खर्ची पडत. शिवाय १८८४-८५ साली चीनचे फ्रान्सशी युद्ध झाले होते. त्यामुळे परकीय माणसाविषयी लोकांच्या मनात राग धुमसत होता. एका शहरात संतप्त जमाव त्याच्यामागे लागला आणि त्याच्यावर दगडांचा वर्षाव झाला. त्याने कशीबशी सरकारी कचेरी गाठली. तेथील चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आश्रय दिला आणि शिपायांच्या बंदोबस्तात नावेतून पुढे रवाना केले. ज्या देशातील लोकांच्या हातून त्याचा प्राण जाण्याची वेळ आली, त्याच देशातील लोकांनी तो वाचवला, हे विसरून चालणार नाही.

शांघायहून बोटीने तो जपानातील नागासाकी बंदरास आला. येथे त्याच्या प्रवासाचा शेवटचा व सर्वांत सुखाचा टप्पा सुरू झाला. एका बाजूस हिरव्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूस बेटांनी भरलेला शांत समुद्र, यांमधून किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता जात होता. वाटेतील कोळ्यांची खेडी, स्वच्छ पथिकाश्रम आणि लोकांचे आर्जवी वागणे पाहून त्याचा शीण उतरला. ओसाका व क्योटो ही शहरे मागे टाकून, फुजी पर्वताचे बर्फाच्छादित शिखर डोळे भरून पाहून, १७ डिसेंबर १८८६ रोजी तो योकोहामा येथे पोहोचला. समोर पॅसिफिक महासागर पसरला होता. याच महासागराच्या पलीकडच्या तीरावरून अडीच वर्षांपूर्वी तो निघाला होता. सुमारे १३,५०० मैल, म्हणजे जवळजवळ २१,७०० किलोमीटर, त्याने सायकलीच्या सोबतीने आक्रमिले होते. सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य होय. जानेवारी १८८७ मध्ये तो बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला परतला.

आपल्या प्रवासाचे वर्णन त्याने दोन खंडांत लिहिले. ते १८८७ व १८८८ साली प्रसिद्ध झाले. त्यात रस्त्यांची, गावांची व लोकांची बारीकसारीक माहिती आहे आणि स्वतःच्या फजितीचे प्रसंगही त्याने हसतखेळत सांगितले आहेत. आशियातील लोकांकडे पाहताना मात्र त्या काळच्या पुष्कळ युरोपीय प्रवाशांप्रमाणे त्याच्याही दृष्टीत आपण श्रेष्ठ असल्याचा भाव कोठे कोठे डोकावतो. तो दोष आहे. परंतु त्याच पुस्तकाच्या पानापानांवर त्या लोकांनी त्याला दिलेल्या अन्नाची व आसऱ्याची नोंदही आहे, आणि ती नोंद अधिक बोलकी आहे.

पुढेही तो स्वस्थ बसला नाही. १८८९ साली एका अमेरिकन वृत्तपत्राने त्याला पूर्व आफ्रिकेत गेलेल्या स्टॅन्ली या प्रवाशाच्या शोधासाठी पाठवले. त्यानंतर त्याने घोड्यावरून रशियाचा प्रवास केला. उत्तर आयुष्यात तो लंडनमध्ये स्थायिक झाला आणि तेथील गॅरिक नाट्यगृहाचा कारभार त्याने पाहिला. २४ जानेवारी १९३५ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

स्टीव्हन्सने दाखवलेल्या वाटेने पुढे अनेक जण गेले. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परत आले. त्यांच्या सायकली स्टीव्हन्सच्या सायकलीहून कितीतरी सुधारलेल्या होत्या; परंतु वाळवंटे, डोंगर व अनोळखी मुलूख तेच होते, आणि लागणारे धैर्यही तेच होते.

यंत्रे दिवसेंदिवस सुधारत जातात. स्टीव्हन्सची ती अवघड, उंच सायकल आता केवळ संग्रहालयात शोभण्यासारखी झाली आहे. परंतु तिच्यावरून त्याने जग पार केले ते यंत्राच्या जोरावर नव्हे. वाट संपली तेथे तो खाली उतरून चालला. वाट अडली तेथे त्याने न कुरकुरता वळसा घेतला. आणि जेथे त्याचे बळ अपुरे पडले तेथे परक्यांनी पुढे केलेला हात त्याने धरला. दूरचा पल्ला गाठू इच्छिणाऱ्याला या तीन गोष्टी आजही तितक्याच उपयोगी आहेत.